वर न गेलेला हात

कॉव्हेंट्रीच्या त्या प्रायमरी शाळेत कुणाचा गुडघा फुटो, कुणाचं नाक फुटो, नाही तर कुणाची जिवाभावाची मैत्रीण फुटो, शशीबाईंकडे औषध एकच. ओला पेपर टॉवेल. नळाखाली धरायचा, पिळायचा, दुखेल तिथं ठेवायचा. दोन मिनिटांत पोर पुन्हा पळायला मोकळं.

सव्वीस वर्षं त्या तिथं डिनर लेडी होत्या. इकडे शाळेत दुपारच्या जेवणालाच डिनर म्हणतात. पोरांची दह्याची झाकणं उघडून द्यायची, संत्री सोलायची, मैदानावर नजर ठेवायची, असं ते काम. शिक्षण साताऱ्याला सातवीपर्यंत. लग्न होऊन कारखान्यात काम करणाऱ्या मुरलीधररावांच्या मागोमाग इथं आल्या तेव्हा इंग्रजीचं नाव नव्हतं. ते शिकवलं पाच वर्षांच्या पोरांनी. म्हणून 'याने मला ढकललं' हे त्यांना फर्डं बोलता येई. 'आपला मान राखून सांगते, पण' हे काही शेवटपर्यंत आलं नाही.

मुरलीधरराव गेले त्याला सहा वर्षं झाली. घर एवढं गप्प की फ्रिजचा आवाज सोबतीला. सकाळी उठून शाळेचं पिवळं जॅकेट अंगात घालायचं म्हणून त्या उठत, एवढंच. शाळा नसती तर कशासाठी उठल्या असत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मालविकाला, त्यांच्या लेकीला, ते ठाऊक होतं.

अशा बाईला स्टाफने गव्हर्नर म्हणून निवडून दिलं. साताऱ्याच्या भावाने फोनवर विचारलं, "अक्का, बंगला कुठं दिला गं?" बंगला कसला! शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणारी नऊ माणसं, सगळी बिनपगारी. महिन्या-दोन महिन्यांनी लायब्ररीतल्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायची. त्यांचे अध्यक्ष होते विनयराव, मालविकाचे सासरे. म्हणजे शशीबाईंचे व्याही.

इथंच सगळं नासलं.

कौन्सिलचं पत्र आलं. दोनशे दहा पोरांची शाळा, हजेरीपटावर सत्त्याण्णव. पुढच्या जुलैत बंद करायचा विचार आहे. गव्हर्नरांची हरकत आहे की नाही, ते कळवा. त्यांच्या म्हणण्याला वजन असतं, असंही लिहिलं होतं. पोरांना दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागणार होतं. त्यांत मालविकाची तनूही होती, दुसरीतली.

मतदानाच्या आधीच्या रविवारी विनयराव मालविकाने पाठवलेला ढोकळ्याचा डबा घेऊन आले. चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "विहीणबाई, गुरुवारी मत द्यायचंय. आकडे तुम्हीही पाहिलेत. तुम्ही नीट विचार करून हात वर करा."

झालं. चार दिवस शशीबाई हे एकच वाक्य मळत बसल्या. 'नीट विचार करून.' व्याही कधी सरळ सांगत नसतात, हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. आमटीत मीठ जास्त झालं तर व्याही 'आज पाणी गोड लागतंय' म्हणतात, आणि मुलीकडच्यांनी ओळखायचं. म्हणजे हरकतीला हात वर करू नका, असंच व्याह्यांना म्हणायचं असणार. शिवाय त्यांच्या वडिलांची गोष्ट होती. वडिलांनी ग्रामपंचायतीत व्याह्यांच्या विरुद्ध हात वर केला होता, विहिरीच्या कामावरून. थोरल्या बहिणीला तीन दिवाळ्या माहेरी पाठवलं नाही. चौथ्या दिवाळीला ती आली, तर आई ओळखू येईना इतकी वाळलेली. मुलगी दिली तिथं मान दिली, हे शशीबाई त्या ओसरीवर शिकल्या. कॉव्हेंट्रीत येऊन चाळीस वर्षं झाली तरी ती ओसरी काही सुटली नव्हती.

गुरुवारी लायब्ररीत हात मोजले. हरकत घ्यावी म्हणणारे चार. घेऊ नये म्हणणारे चार, त्यात विनयराव. शशीबाईंचा हात मांडीवर. तो उचलायचा म्हटलं तर जड, जणू दुसऱ्या कुणाचा.

"तटस्थ?" लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं.

"येस," शशीबाई म्हणाल्या.

बरोबरी झाली की अध्यक्षाला दुसरं मत असतं. विनयरावांनी चष्मा काढला, शशीबाईंकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसरं मत दिलं. हरकत नाही. खेळ खलास.

बाहेर कागदावर आले ते नुसते आकडे: चार, चार, एक तटस्थ. नावं नाहीत. कुणी कसं मत दिलं ते बाहेर बोलायचं नाही, असा नियमच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शाळेसमोर वैभवी राहायची. नागपूरहून नवऱ्याबरोबर नोकरीला आलेली, मुलीला ही शाळा मिळावी म्हणून मुद्दाम इथं घर घेतलेलं. ती पेटलीच. आपल्याकडे सरपंचावर अविश्वास आणून त्याला खाली ओढता येतं. इथे आईबापांना गव्हर्नर उठवता येत नाही, कायदाच नाही तसा. पण वैभवीला कायदा कुठला सांगताय! तिने गेटवर टेबल मांडलं आणि चारशे बारा सह्या गोळा केल्या. सगळ्या गव्हर्नरांनी पायउतार व्हावं, म्हणून.

"आणि तो एक तटस्थ कोण, ते मी शोधणारच," ती गेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चोर तरी बरा, तो घेऊन पळतो. हा नुसता उभा राहून बघत होता."

संत्री सोलताना शशीबाईंच्या अंगठ्याच्या नखाखाली साल गेली, ती आठवडाभर ठणकत राहिली.

शोध थांबला तो अर्चनावर. पालकांनी निवडून दिलेली गव्हर्नर, नोकरी कौन्सिलमध्ये, पार्किंगचे परवाने द्यायच्या खिडकीवर. परवान्याचा आणि शाळेचा काय संबंध? पण लोकांना कौन्सिल म्हटलं की पुरे. खरं तर अर्चनाने सगळ्यांत आधी हात वर केला होता, हरकतीच्या बाजूने. शशीबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता. नियम पाळून ती गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणून तीच, असं ठरलं.

व्हॉट्सॲपवर तिच्या नावाने काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या मुलीच्या, वैजयंतीच्या, नवव्या वाढदिवसाला अठरा पोरांना बोलावलं, आलं एक. जेवणाच्या हॉलमध्ये ती पोर टेबलाच्या टोकाला एकटीच सँडविचच्या कडा कुरतडत बसायची. शशीबाई तिचं झाकण उघडून द्यायच्या आणि पुढं जायच्या.

मग एका दुपारी अर्चनाच्या गाडीवर अंडी फुटली. शाळेच्या दारातच. शशीबाई टॉवेलांचा गठ्ठा ओला करून धावल्या. अंडं वाळलं की सुटत नाही. त्या काच घासत होत्या आणि अर्चना शेजारी उभी होती.

"मावशी, राहू द्या हो. तुम्हालाही नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"अख्ख्या शाळेत तुम्ही एकट्याच माझ्याशी बोलता," अर्चना म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शशीबाईंच्या हातातल्या टॉवेलातून पिवळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तोंड उघडलं होतं त्यांनी. शब्द आले ते "पुढच्या काचेवर अजून थोडं आहे" एवढेच.

पुढच्या आठवड्यात अर्चनाने राजीनामा दिला आणि मुलीला अर्ध्या वर्षातच शाळेतून काढलं.

मार्चमध्ये हॉलमध्ये सभा भरली. माणसं भिंतीला टेकून उभी. राहिलेले आठ गव्हर्नर पुढे एका रांगेत, शाळेच्या नाटकात झाडं झालेली पोरं बसतात तसे. वैभवी उठली. आमच्या मुलांचा सौदा झाला, म्हणाली. जिने तटस्थ राहून सुरा खुपसला ती तर तोंड लपवून पळाली, पोरीला घेऊन.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शशीबाईंना वैजयंती बसायची ते टेबलाचं टोक दिसलं.

त्या उभ्या राहिल्या. पाच वर्षांच्या पोरांनी शिकवलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "ती नव्हती. मी केलं. तिने हात वर केला होता. मी नाही केला."

मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने बोला!" तेव्हा त्यांना ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

कायद्यात नसला तरी अविश्वासाचा ठराव आला. हॉलभर हात वर झाले. शशीबाईंनी आपलाही केला. या वेळी तो हलका होता, पण आता कशाला? बैल गेला आणि झोपा केला.

त्या रविवारी मालविकाच्या स्वयंपाकघरात विनयराव एक फाइल घेऊन बसले होते. त्यातून त्यांनी दोन कागद काढले.

"विहीणबाई, त्या गुरुवारी मी कौन्सिलला द्यायची दोन्ही पत्रं टाइप करून नेली होती. हरकतीचं वर होतं. सव्वीस वर्षं तुम्ही तिथं आहात. तुमचा हात वर जाणार, पाच-चारने मी हरणार, हे मी धरूनच चाललो होतो. बरोबरी होईल असं स्वप्नातही नव्हतं."

"मग दुसरं मत हरकतीला का नाही दिलंत?"

"मला पटलं तेच दिलं. नातीची शाळा म्हणून आकडे बदलत नाहीत."

"पण तुम्ही म्हणालात, नीट विचार करून हात वर करा."

"म्हणालो. म्हणजे नीट विचार करून." विनयरावांना खरंच कळेना. ते वाढले नैरोबीत, कॉलेज लंडनला. साताऱ्याची ओसरी त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

इथंच वाढलेली मालविका ओट्याला टेकून उभी होती. "आई, माझ्या सासरसाठी केलास तू? हू आस्क्ड यू टू? वैभवीच्या लिस्टवर फर्स्ट सही माझा आहे. पपांच्या अगेन्स्ट. इथे डायनिंग टेबलवर भांडण झाला, मग आम्ही पिझ्झा मागवला. दॅट्स इट!"

विनयराव म्हणाले, "मशरूमचा." आणि कुणीच हसलं नाही.

शशीबाईंनी हरकतीचं पत्र हातात घेतलं. एकच पान होतं. खाली सहीची जागा कोरी. त्यांनी घडी घालून ते परत फाइलमध्ये ठेवलं.

कौन्सिलने एप्रिलमध्ये शाळा बंद करायचं ठरवलं. त्यांच्या कागदात एक ओळ होती: गव्हर्नरांची हरकत नाही. गव्हर्नर आले तसे गेले, चार राजीनामे, बाकीचे शाळेबरोबरच संपायचे. वैभवी शशीबाईंना बघून रस्ता ओलांडायची. आईबाप पोरांना सांगत असावेत काही, कारण गुडघा फुटला तरी पोरं आता दुसऱ्या डिनर लेडीकडे जायला लागली.

जुलैतल्या शेवटच्या दिवशी अर्चना आली. वैजयंतीची चित्रं राहिली होती, ती न्यायला. हॉलमध्ये शशीबाई टेबलं पुसत होत्या.

"अर्चना, मी सभेत सगळं सांगितलं. कळलं ना तुला?"

"कळलं."

"मला माफ..."

"मावशी, त्या दिवशी माझी काच पुसत होतात. मी तुमच्या खांद्यावर रडत होते." अर्चनाने चित्रांची गुंडाळी बगलेत धरली. "तेव्हा का नाही बोललात?"

शशीबाई टेबलाची कड पुसू लागल्या. वाट बघायची तेवढी बघून अर्चना गेली.

टेबल अर्धं पुसून व्हायचं होतं. शशीबाईंनी सवयीने भिंतीवरच्या पेटीत पेपर टॉवेलसाठी हात घातला. पेटी रिकामी होती. शाळा बंदच होणार, म्हणून मे महिन्यापासून नवे मागवलेच नव्हते. मग त्यांनी पिवळ्या जॅकेटच्या बाहीनेच उरलेलं टेबल पुसलं, खुर्च्या उलट्या करून त्यावर ठेवल्या, आणि जॅकेट काढून केअरटेकरच्या हातात दिलं, कारण ते कौन्सिलचं होतं.