लार्कस्परला सासर सोसत नाही

शैला गेली त्या सकाळी मी गच्चीवर होते. माझ्या कुंडीतल्या लार्कस्परला आयुष्यात पहिल्यांदा कळ्यांचा तुरा आला होता. तो दाखवायला तिला वर बोलावणार, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "वहिनी, जरा खाली या ना... शैला उठत नाहीये." झोपेतच गेली होती. मी तिच्या उशाशी बसले आणि मनात पहिला विचार काय आला, तर आता ही माझी फुलं बघणार नाही. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं, अजूनही येतं. पण पहिल्यांदा आली ती चडफड. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. दोघी एकाच सुमाराला रिटायर झालो आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कुंड्या मांडल्या. ऊन तेच, पाणी त्याच टाकीचं, शेणखत एका गोणीतलं अर्धं अर्धं. फुलं मात्र तिच्याच कुंड्यांना. मुलुंडला जी काय चार दिवस थंडी पडते (बोरिवलीकर हसतात, हसू देत), तेवढ्यात ती कमरेएवढा लार्कस्पर उभा करायची. शेपूसारखा बारीक पाला आणि वर गर्द निळ्या फुलांचे लांब तुरे. बायका म्हणायच्या, "शैलाताईंचा हातगुणच तसा." माझ्यासमोर म्हणायच्या. एकदा माझा नवराही म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा उशिरा मिळाला.

बी ती ऑक्टोबरात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची. "थंडी पडली असं त्याला वाटलं पाहिजे, तरच उगवतं." हे बी विषारी, म्हणून डब्यावर मोठी लाल फुली. तरी तिच्या नवऱ्यानं एकदा श्रीखंडाच्या आशेनं तो उघडला होताच. मी विचारलं होतं, निळाच का लावतेस? तर म्हणाली, "जयंतीला निळी फुलं पाहिजेत ना. झेंडू पिवळा, शेवंती पांढरी, गुलाब लाल. निळं काय मिळतं सांग. गोकर्ण तर दुपारपर्यंत मान टाकते." पण जयंती चौदा एप्रिलला, आणि तोवर आपल्याकडचं ऊन लार्कस्परला भाजून काढतं. म्हणून बरीचशी फुलं उमलली की ती तुरे कापायची. चार तुरे घरात ठेवायची, काच फुटलेल्या थर्मासमध्ये. बाकीच्यांच्या जुड्या बांधून स्वयंपाकघरातल्या कपड्यांच्या दांडीला उलट्या टांगायची. एप्रिलपर्यंत रंग जसाच्या तसा. एका वर्षी मी तिच्याबरोबर विहारात गेले. फुलं पाहून सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या, आणि मी चपलांपाशी तिची पर्स धरून उभी. परत येताना रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही.

माझी पद्धत नीटनेटकी. ट्रेमध्ये बी पेरायचं, चार पानं फुटली की रोपं अलगद उचलून कुंडीत लावायची. झिनियाला चालतं, शेवंतीला चालतं. लार्कस्पर मात्र आठवड्याभरात माना टाकायचा. शैला वाकून बघायची. "तू रोपं हलवतेस कशाला गं? ह्याला सासर सोसत नाही. जिथं पेरलं तिथंच राहू दे." मला तो टोमणा वाटायचा. शिवाय मी सासरी सगळं सोसलेली बाई, एका झाडाचे एवढे लाड मला पटेनात. पुढच्या वर्षी पुन्हा ट्रे.

यंदा तर मी इरेलाच पेटले होते. तिच्यासारखा निळा नको म्हणून गुलाबी बी मागवलं, रोपं केली, कुंड्यांत लावली आणि मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले. जाताना शैलाला बजावलं, "नुसतं पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस." ती म्हणाली, "नाही लावत, यार." दोन महिन्यांनी परत आले तर कुंड्या हिरव्यागार. मी तिला ओढतच गच्चीवर नेलं. ती माझ्या रोपांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बसला की तुझा हात." तिच्या तोंडून हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. त्या दिवशी मी तिला बटाटेवडे करून घातले.

ती गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी माझा पहिला तुरा उमलला... निळा. दुसरा उमलला, तोही निळा. गुलाबी एकसुद्धा नाही. माझी रोपं नेहमीसारखीच मेली होती आणि त्यांच्या जागी तिनं श्रीखंडाच्या डब्यातलं बी पेरलं होतं. माझा हात बसलाच नव्हता. मी टाकीच्या कठड्यावर बसून तिला मोठ्यानं शिव्या घातल्या. बागेत हरवलंसच, आता चांगुलपणातही हरवून गेलीस, आणि भांडायला समोर थांबलीसुद्धा नाहीस.

परवा दुसऱ्या मजल्यावरची मानसी गच्चीवर कपडे वाळत घालायला आली आणि कुंड्यांपाशी थबकली. "काकू, काय झकास आलंय. तुम्हालापण हातगुण आहे ना. मला दोन रोपं द्या ना." क्षणभर मोह झाला, खोटं का सांगू. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "रोपं नाही मिळणार. ह्याला सासर सोसत नाही. बी धरलं की देते. शैलाचं आहे."

दोन तुरे बियांसाठी सोडून उरलेले मी कापले. चार तिच्या नवऱ्याकडे थर्मासमध्ये ठेवून आले. बाकीच्यांची जुडी माझ्या स्वयंपाकघरात दांडीला उलटी टांगली आहे, पोळ्या लाटताना डोक्याला लागते. जयंतीला ती मीच विहारात नेणार. तिथं कुणीतरी म्हणेलच, "शैलाताईंची फुलं आली." सगळ्या गोळा होतील. आणि मला माहीत आहे, परत येताना रिक्षात मी तिच्याशी बोलणार नाही.