गुडघ्यातलं परकं हाड

आमच्या घराण्यात गुडघे जाणं वतनासारखं चालत आलंय. रामकुंडावर जन्मभर मांडी घालून लोकांच्या अस्थींचे विधी करायचे, दुसरं काय होणार? पन्नाशीच्या आतच माझा डावा पाय गुडघ्यात बाहेर वाकला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलला तर मांडी विसरा. त्यापेक्षा गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करू, पट्टी आणि स्क्रू बसवू, मधल्या फटीत हाड भरू. मांडी गेली तर माझं पोटच गेलं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

फटीत भरायचं काय, हा प्रश्न होता. माझ्याच कमरेचं हाड काढायचं, नाहीतर कृत्रिम दाणे, नाहीतर कुणीतरी दान केलेलं, शुद्ध करून ठेवलेलं हाड. कमरेला आणखी एक जखम म्हटल्यावर माझी तंतरली. मग माझ्यासाठी दानाचंच बरं, असं डॉक्टरांचं मत पडलं. आणि मी काय विचारावं? "नाव-गोत्र काय हो त्यांचं?"

जिभेला सवयच तशी, समोर यजमान बसला की आधी तेच विचारायचं. पण खरं सांगायचं तर ती नुसती सवय नव्हती, मला जात काढायची होती. डॉक्टरांनी माझी फाईल मिटली. "नाव सांगत नाहीत," एवढंच म्हणाले. हाड तेच बसवलं. वडिलांना मात्र मी कृत्रिम म्हणून सांगितलं.

भरून यायला महिने गेले. दर एक्स-रेला मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो. शेवटी ते म्हणाले, "आता तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं, मलाही सांगता येणार नाही. बसा मांडी घालून."

घाटावर परत वडिलांशेजारी बसलो, तर सायखेड्याकडची एक बाई कलश घेऊन आली.

"महाराज, मालकांची काही हाडं आम्ही दवाखान्यात दान केली. राहिली ती आणलीत. चालंल ना?"

"अर्धवट अस्थींनी गती कशी मिळायची?" वडील म्हणाले. "प्रायश्चित्त करावं लागेल."

बाईचा चेहरा पडला. मला राहवेना.

"बाबा, माझ्या गुडघ्यात तसंच हाड आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो."

वडिलांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग त्यांनी दर्भ उचलला आणि विधी सुरू केला. प्रायश्चित्ताचा विषय पुन्हा काढला नाही.

सगळं आटोपल्यावर बाई वडिलांच्या पाया पडली. मग माझ्यापुढे वाकली, माझ्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"दुखतं का अजून?"

"नाही."

"बरं झालं. म्हंजी त्यांचंबी लागलं असंल कुनाला तरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पायऱ्या चढून जाईपर्यंत मी मान वर केली नाही.