कुमुदच्या वहीतल्या दोन ओळी

कुमुदला मी शेवटची भेटले ती हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, त्यामुळे तिचं बोलणं आठ महिन्यांपूर्वीच संपलं होतं. शेजारच्या कॉटपाशी दोन नर्स कुणाच्या तरी ड्यूटी बदलण्यावरून बोलत होत्या. कुमुदचे डोळे मिटलेले होते, पण उजव्या हाताची तर्जनी चादरीवर चालत होती. छोटे वळसे, आडव्या रेघा, मध्येच एखादा ठिपका. तिचे यजमान अनंतराव मला हळूच म्हणाले, "हात थरथरतोय हो तिचा सकाळपासून." थरथरत नव्हता. ती त्या नर्सांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेत होती, अगदी 'मला रविवार नको बाई'पर्यंत सगळं. मी चादरीवर ते वाचत होते आणि मला हसू येत होतं... आणि मग बोट थांबलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि चादरीवर एकच शब्द काढला. वही. मी तिच्या उशाशी कायम असायची ती लघुलिपीची वही काढून तिच्या हातात दिली, तर तिने ती माझ्याकडे ढकलली. मी परत उशाशी ठेवली, तिने परत ढकलली. मला वाटलं, नकोशी झाली असेल, अडचण होत असेल. मी ती तिच्या कपड्यांच्या पिशवीत घालून टाकली. दोन दिवसांनी सकाळी अनंतरावांचा फोन आला. त्याला आता सात आठवडे झाले.

आम्ही दोघी कोर्टात स्टेनो. टेबलाला टेबल लावून चोवीस वर्षं बसलो. आमचं काम म्हणजे न्यायाधीशसाहेब सांगतील ती साक्ष उतरवायची, मग टाइप करायची. लघुलिपी सगळ्यांना एकच शिकवतात, पण दोन-चार वर्षांत प्रत्येकीची आपापली वळणं तयार होतात आणि मग ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. कुमुदची वही मला वाचता यायची आणि माझी तिला, कारण एक रजेवर असली की दुसरी तिचं टाइप करायची. अशीच ती एकदा रजेवर असताना मी तिच्या वहीतली एका विवाहितेची साक्ष टाइप केली आणि त्यातलं एक वाक्य गाळलं. नवरा तिला जे बोलला होता ते वाक्य. ते भर कोर्टात, तिच्या सासऱ्यासमोर वाचलं जाणार, मला कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी कुमुदने कागद हातात घेतला आणि विचारलं, "हे वाक्य कुठे गेलं?" मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "दया करायला साहेब आहेत, वकील आहेत. आपण उतरवायचं आणि जसंच्या तसं वाचायचं. चल." मला हाताला धरून साहेबांसमोर उभं केलं आणि माझ्या तोंडून कबूल करवलं. साहेब रागावलेही नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. मी कुमुदशी आठवडाभर बोलले नाही. ती मात्र रोज आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढत राहिली.

तिचा अभिनय सुरू झाला तो हातापासून. रेवती नावाची एक विद्यार्थिनी सिनेमाचं शिक्षण घेत होती. तिला तिच्या छोट्या फिल्मसाठी लघुलिपी लिहिणारा हात हवा होता. ती कोर्टात आली आणि कुमुदचा हात घेऊन गेली. शूटिंग चालू असताना तिला कुमुदचा चेहरा दिसला. चोवीस वर्षं खून, मारहाण, काडीमोड ऐकून जो चेहरा कधी वहीवरून वर उचलला गेला नव्हता, तो चेहरा. रेवती मला म्हणाली होती, "मावशी, त्या नुसत्या ऐकतात ना, तेवढ्यात सगळं होतं. बाकीचे ॲक्टर ओव्हर करतात." मी म्हटलं, "बाळ, याला सरकारी नोकरी म्हणतात." पण त्यानंतर सहा महिन्यांत कुमुदने राजीनामा दिला. वय पन्नास. मी तिला काय काय बोलले नसेन! या वयात लोक गुडघ्यांचं बघतात, तू तोंडाला रंग कसला फासतेस, असंसुद्धा बोलले. तिने शांतपणे सांगितलं, "गुडघे बसून बसून चांगले राहिलेत, वसू. वापरायचेच राहिलेत." अनंतराव तेव्हा एवढंच म्हणाले, "करू दे. घरात माझ्याशी अभिनय करण्यापेक्षा बाहेर केलेला बरा."

सुरुवातीची वर्षं हाल झाले. मालिकांमध्ये सासू, आत्या, कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली शेजारीण. आणि एक खोड काही केल्या जाईना. समोरचा नट बोलायला लागला की हिचं बोट मांडीवर चालू. तो रडून ओरडून संवाद म्हणतोय आणि ही त्याचं रडणं उतरवून घेतेय! कॅमेऱ्यात ते दिसायचं. मग "कट, कुमुदताई, बोट" असा ओरडा व्हायचा. तिने बोटाला चिकटपट्टी लावून पाहिली, मुठीत किल्ली धरून पाहिली. शेवटी रेवतीनेच तिला सांगितलं की बोट राहू द्या, मी तुम्हाला बोटासकट घेईन. तो शब्द रेवतीने पाळला, पण त्याला आठ वर्षं लागली, आणि तोवर कुमुद नुसती नटी राहिली नव्हती, निर्माती झाली होती. साठीच्या बाईला सासूपणाशिवाय काही काम असतं की नाही, या एका प्रश्नावर तिने आपला फंड आणि अनंतरावांची झोप, दोन्ही पणाला लावलं. सिनेमा धायरीतल्या एका पिठाच्या गिरणीवाल्या बाईचा. दिग्दर्शन रेवतीचं. कुमुदने हट्ट धरला की गिरणी खरीच पाहिजे आणि ती चालूच पाहिजे. आवाज घेणारा माणूस हात जोडून सांगत होता की या घरघरीत एक शब्द धड मिळायचा नाही. कुमुद म्हणाली, "मग सगळं नंतर डब करू. पीठ खोटं नको." त्यामुळे तिच्या सगळ्या संवादांचा आवाज मागाहून, स्टुडिओत भरायचा राहिला. पुढचं सगळं त्या हट्टापाशी येऊन अडतं.

शूटिंग संपता संपता तिचा घसा बसला. आम्ही सगळ्यांनी पिठाला दोष दिला. महिना झाला, दोन झाले, गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. मग एक दिवस तिने मला फोन करून सांगितलं, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. यांना सांगू नकोस." अनंतरावांचं बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. कॅन्सर, स्वरयंत्राचा. स्वरयंत्र काढावं लागेल, या आठवड्यातच ऑपरेशन ठरवू. कुमुदने पर्समधून वही काढली आणि ते बोलत होते ते लिहायला लागली. "काय लिहिताय?" त्यांनी विचारलं. "सवय आहे," ती म्हणाली. तिने विचारलं, तीन आठवडे थांबता येईल का. ते म्हणाले, थांबू नये. तिने तेही लिहिलं. हिची पेन्सिल एकदासुद्धा अडली नाही.

तिथून आम्ही खालच्या कॅन्टीनमध्ये चहाला बसलो. त्या टेबलावर काय बोलणं झालं, हे मी गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मी म्हटलं, आधी ऑपरेशन, सिनेमा गेला खड्ड्यात. तिने ऐकलं नाही. मी अनंतरावांना सांगते म्हटलं, तर तिने मला शपथ घातली... असं मी सांगत आले. तिच्या शोकसभेत उभी राहून मी हेच बोलले, आणि लोकांनी रुमाल डोळ्यांना लावले. पहिल्या रांगेत अनंतराव होते. मान खाली घालून ऐकत होते.

डबिंगच्या तीन आठवड्यांचे पाच झाले, कारण रेवतीचं संकलन लांबलं आणि तिला घाईचं कारण कुणी सांगितलंच नव्हतं. रोज बिबवेवाडीहून रिक्षाने आम्ही दोघी एरंडवण्यातल्या स्टुडिओत जायचो. अनंतरावांना वाटायचं, बायको मैत्रिणीसमोर मिरवायला तिला बरोबर नेते. कुमुद सकाळपासून मौन धरायची, सगळा आवाज दुपारच्या दोन तासांसाठी राखून. ती काचेच्या पलीकडे, मी काचेच्या अलीकडे रेवतीच्या शेजारी. पडद्यावर ओठ हलायचे आणि ती त्या ओठांत आवाज ओतायची. पहिल्या आठवड्यात आवाज खरखरीत होता. तिसऱ्यात शब्दाचं शेवटचं अक्षर नुसती हवा होऊन यायचं. "कुमुदताई, एंड ड्रॉप होतोय, एक जादा सेफ्टी टेक घेऊ या?" रेवती म्हणायची, आणि ती मान डोलावून पुन्हा उभी राहायची. मी घड्याळाकडे बघत बसायचे. माझं मन स्टुडिओत नसायचं, त्या डॉक्टरांच्या खोलीत असायचं. शेवटच्या दिवशी एक वाक्य राहिलं होतं, गिरणी बंद करताना ती बाई म्हणते ते, 'उद्या या.' एवढे दोनच शब्द. अकरा वेळा घेतलं, निघेना. रेवतीने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्ही दोघी काही लपवताय का?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "पिठाची ॲलर्जी आहे गं तिला." बाराव्यांदा ते निघालं. तो तिच्या तोंडचा शेवटचा नीट ऐकू आलेला शब्द. रेवतीने सिनेमात तोच ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी कुमुदने अनंतरावांना सांगितलं. ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं, पण आजार मानेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. पाच आठवडे आधी आली असती तर वाचली असती का? अनंतरावांनी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ठामपणे सांगता येत नाही. हे उत्तर किती छळतं, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

शोकसभेनंतर चार-पाच दिवसांनी अनंतराव माझ्याकडे आले. हातात ती वही. "यातलं मला एक अक्षर कळत नाही," ते म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवा." मी वही उघडली. डॉक्टरांचं सगळं बोलणं होतं, तारखेसकट. मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत होते. पान उलटलं. वर लिहिलं होतं 'कॅन्टीन', आणि खाली साक्षीत लिहितात तसं, प्रश्न आणि उत्तर.

प्रश्न : थांबू का? उत्तर, वसुधा : थांब. तीन आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय?

प्रश्न : यांना सांगू? उत्तर, वसुधा : आत्ताच नको. त्यांना झेपायचं नाही.

मी ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं. अक्षर तिचं होतं, 'आभाळ'साठीची ती खूण आमच्या दोघींचीच होती, आणि ते बोलणं माझंच होतं. वाचताक्षणी मला कॅन्टीनमधला माझा आवाज आठवला. मी घाबरले होते, आणि घाबरलेलं माणूस जसं समोरच्याला हवं ते बोलून मोकळं होतं, तशी मी बोलले होते. ती आतुरतेने माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही. पण मी नाही म्हटलंच नव्हतं. शपथबिपथ तिने घातली नव्हती. ती सगळी मी नंतर रचली, आणि इतक्या वेळा सांगितली की मला खरी वाटायला लागली.

"पुढे?" अनंतरावांनी विचारलं. मी म्हटलं, "पुढे काही नाही. किराण्याची यादी आहे." ते उठले, थँक्यू म्हणाले आणि वही माझ्याकडेच ठेवून गेले.

चार दिवस ती वही माझ्या टेबलावर होती. त्या दोन ओळी जगात फक्त मला वाचता येत होत्या. मी वही हरवली म्हटलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. हॉस्पिटलमध्ये तिने ती दोनदा माझ्याकडे का ढकलली, हे मला तेव्हा उमगलं, आणि तिचा मला मनापासून राग आला. मेल्यावरसुद्धा हाताला धरून साहेबांसमोर उभं करते बया! पाचव्या दिवशी मी बिबवेवाडीला गेले. अनंतराव एकटेच होते. मी चपलाही न काढता दारातच म्हटलं, "मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं." मग आत बसून वाचलं, जसंच्या तसं.

अनंतरावांनी वाकून ते पान बघितलं. वर कुणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाले, "त्याच्या खाली काय आहे?" मी वाचलं. "दोन चहा. एक बिनसाखरेचा. बिस्किटं नकोत, परवाची मऊ होती." अनंतरावांच्या तोंडून एक आवाज आला, हसण्यासारखा. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाणी आणायला उठले, तर म्हणाले, "बसा. वसुधाताई, मला तुमचा राग आलाय. तो जाणार नाही. जाईल असं तुम्हाला खोटं सांगत नाही." मी मान हलवली. "पण शनिवारी येत जा. वही बरीच शिल्लक आहे, आणि वाचणारं दुसरं कुणी नाही."

तेव्हापासून मी दर शनिवारी जाते. ते चहा करतात, माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मी दोन-तीन पानं वाचते. ऑपरेशननंतरची पानं आहेत ती, बोलता येत नव्हतं तेव्हाची. कुमुदने घरातलं सगळं उतरवून ठेवलंय. दूधवाल्याशी त्यांची हुज्जत, फोनवर लेकीशी बोलताना त्यांचं 'ती बरी आहे' म्हणणं, अंधार पडल्यावर खिडकीशी उभं राहून त्यांनी स्वतःशीच म्हटलेली वाक्यं, जी कुणी ऐकली नाहीत असं त्यांना वाटत होतं. गेल्या शनिवारी एका पानावर मी थांबले. त्यांनी विचारलं, काय झालं? काही न गाळता मी वाचलं. "अनंत : तू आधी सांगितलं असतंस तर मीसुद्धा थांबच म्हणालो असतो."

अनंतरावांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.