एम-वनच्या पेपरात माग चालू होता

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. त्यामागे काही शास्त्रीय विचार वगैरे नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या घरात वाढले. आमच्याकडे एखादं भूत येऊन रात्रभर किंचाळलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. बिचाऱ्यानं दोन दिवसांत कंटाळून दुसरं घर बघितलं असतं.

घर म्हणजे पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. मोठ्या खोलीत टॉवेलचा माग आणि त्याला लागूनच माझी कॉट. नान्ना — म्हणजे माझे वडील. घरी आम्ही तेलुगू बोलतो, इथे सगळं मराठीत लिहिते — दिवसा एमआयडीसीतल्या कारखान्यात जायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरचा माग चालवायचे. माग जरा लंगडा होता. खटाक्-खट, खटाक्-खट करत मध्येच एक ठेका गिळायचा. त्या आवाजात मी जेवले, झोपले, दहावी-बारावी केली. आम्हाला आवाजाने जाग येत नाही, आवाज बंद झाला की येते. कारण आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि माग थांबला की जवळ जो कोण असेल त्याने उठून धागा जोडायचा. हे इतकं अंगात भिनलंय की अम्मा एकदा तापाने फणफणली असतानाही ताडकन उठून बसली होती.

तर... इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून तीन वर्षं काढायची आहेत तिथे. शहराबाहेर, ज्वारीच्या रानांच्या कडेला आहे एवढं पुरे. घराण्यातली पहिली इंजिनिअर म्हणून गल्लीत पेढे वाटून झाले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी घरी येते तर काय — माग गायब! नान्नांनी तो भंगारात देऊन टाकला होता. त्या जागी टेबल, खुर्ची, वर पांढराशुभ्र दिवा. टेबलाखाली फरशीत मागाच्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती.

“आता शांततेत अभ्यास कर,” नान्ना म्हणाले. चेहरा असा की जणू पुण्यात फ्लॅट घेऊन दिलाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

त्या शांततेत मला एक अक्षर सुचेना. पुस्तक उघडलं की कान टवकारायचे... काहीतरी तुटलंय, ऊठ, जोड! मी उठायचे. जोडायला काहीच नसायचं, मग उगाच फ्रीज उघडून बघायचे.

इकडे कॉलेजात क्लबांचा सुळसुळाट. सीनियर टेबलं मांडून बसलेले आणि दिसेल त्याला विचारायचे, “हॉबी काय तुझी?” आता मला काय हॉबी? मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं? पण घरची शांतता टाळायची म्हणून मी मिळेल त्या क्लबात घुसले. बुद्धिबळाला एक डाव बसले आणि उठले. फोटोग्राफीवाले तर दबक्या आवाजात बोलायचे, तेही सोडलं. रोबोटिक्समध्ये मोटर घरघरायची म्हणून महिनाभर रमले. शेवटी ढोल पथकात जाऊन स्थिरावले. टेंभुर्णीची प्राजक्ता माझी बेंचवरची मैत्रीण. ती एकदा म्हणाली, “तू क्लब आवाज बघून निवडती का गं?” मी म्हटलं, छे, काहीतरीच काय.

बारावीपर्यंत गणितात वर्गात पहिली येणारी मी, एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या, पहिल्या टेस्टमध्ये तीसपैकी चार मार्क घेऊन घरी आले. इथे मार्कांची पुढे ग्रेड होते म्हणतात. माझ्या मार्कांचं पुढे काही होण्यासारखं नव्हतं.

नान्ना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पेपर उलटून-पालटून बघत म्हणाले, “शांतता कमी पडायली का गं?”

दुसऱ्या दिवशी खिडक्यांवर दुहेरी सोलापुरी चादरी लागल्या. शेजारच्यांना टीव्ही हळू करायला सांगून झालं. अम्माचा कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात. “शिट्टी नको, पोरगी अभ्यास करायली.” आता घर इतकं शांत झालं की पाल चालली तरी मला कळायची.

खरं सांगायचं तरी कसं? माणसाने माझ्यासाठी स्वतःचा माग मोडीत काढला. एम-वन राहिला तर तो फुकट गेला. आणि आवाजाशिवाय मला जमत नाही असं सांगितलं तर आजच फुकट गेला. मला खूप अपराधी वाटायचं, आणि त्या नादात उरलासुरला अभ्यासही होत नव्हता.

पेपरचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन. असल्या अनुभवांना अमावस्या वगैरे लागते म्हणतात, माझ्या नशिबी तेही नाही. तळमजल्यावरचा मोठा हॉल, खिडकीपासून दुसरी रांग. सुपरव्हिजनला इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर होते, ज्यांना हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही. प्रश्नपत्रिका हातात आली आणि डोकं रिकामं झालं.

तेवढ्यात... खटाक्-खट. खटाक्-खट.

वर बघितलं, थंडीमुळे पंखे बंद. मग मध्येच एक ठेका गिळला गेला आणि माझ्या हातावर सर्रकन काटा आला. भीतीने नाही हो. घरी आल्यासारखं वाटलं. पेन आपोआप चालायला लागलं.

पहिलं गणित निम्म्यावर आलं आणि आवाज थांबला. सवयीने मी अर्धी उठलेच. मग मागच्या ओळी बघितल्या... कुठे तुटलं? दोन ओळी वर वजा चिन्ह खाल्लं होतं. दुरुस्त केलं. खटाक्-खट सुरू!

पुढच्या गणितातही तेच. चूक झाली की थांबायचा, जोडली की चालायचा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मात्र मला चूक सापडेना. मान वर केली तर सर खुर्ची सोडून सरळ माझ्याकडे येत होते. कॉपी समजले! संपलं सगळं!

सर बेंचपाशी उभे राहिले. हात पुढे केलेला, चिमटीत धागा धरतात तसा. आणि अगदी हळू म्हणाले, “पोगु तेगिंदा?”

तेलुगूत. धागा तुटला का?

मग स्वतःच दचकले. हाताकडे बघितलं, तो खिशात घातला आणि मराठीत “लिहा, लिहा” म्हणत परत गेले. मी मागे वळून पाहिलं. आमच्या घराच्या पुढच्या गल्लीत राहणारा नरेश चक्क उभा होता. दोन-तीन पोरींच्या माना वर होत्या, त्याही आमच्या पूर्व भागातल्याच. प्राजक्ता शेजारी मान खाली घालून शांतपणे लिहीत होती. चूक नंतर सापडली. चार दुणे सहा लिहिलं होतं, कुणाला सांगू नका.

बाहेर आल्यावर नरेशने मला गाठलं. “मगाशी कुणाचा माग थांबला गं?”

“तू ऐकलास?”

“ऐकलो की! लंगडा होता. मी उठून उभारलो, त्यात माझं गणित गेलं.”

“कसला माग?” प्राजक्ता म्हणाली. “टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती हॉलमध्ये. तुमी सगळे लई अभ्यास केलाय का?”

एम-वन सुटला. ग्रेड बी. निकालाच्या दिवशी धीर करून मी नान्नांना सगळं सांगितलं — शांतता, फ्रीज, क्लब, पेपरातला माग, सगळं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी फक्त विचारलं, “मधी ठेका गिळत होता?”

“हो.”

ते उठले, कपाटावरून मोटरीचा पट्टा काढला आणि माझ्यापुढे धरला. “हा मी भंगारात दिलोच नाही. ठेवून घेतलो. मग पट्ट्याबिगर माग चालला कशावर?”

भुताचं त्यांना काही नव्हतं, पट्ट्याचं होतं. रात्री जेवतानाही तेच चाललं होतं. मात्र त्याआधी खिडक्यांवरच्या चादरी त्यांनी स्वतः उतरवल्या आणि अम्माने कुकर खाली काढला.

ते सर आता मला कॉरिडॉरमध्ये बघितलं की वाट बदलतात. कॉलेजच्या आसपास माग नाहीत, मी हिंडून बघितलंय. आवाज पुन्हा आला नाही, आणि तो काय होता ते मला आजही सांगता येत नाही.

आता एम-टू चालू आहे. मी टेबलाशी बसते, नान्ना उंबऱ्यात पेपर वाचतात, माझ्याकडे पाठ करून. परवा एका पायरीवर पेन अडलं. मी हूं की चूं केलं नव्हतं. पण नान्ना ताडकन उठले, पेपर टाकून टेबलापाशी आले आणि म्हणाले, “कुठं तुटलं? बघ, हाय मी हितं.”

पेनाचा काही आवाज होत नाही. मग मी थांबले हे त्यांना कसं कळलं, याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.