बावड्याचे पेरू आणि डोळ्यांवरची ओढणी

आमच्या घरात पेरूवरून दोन पक्ष आहेत. मी स्टिकर लावलेले सेंद्रिय पेरू आणते, दुप्पट भावाने. हे हातगाडीवरचे आणतात आणि मला विचारतात, "स्टिकरसकट खायचा का?" त्यामुळे बावड्याहून लताचं बोलावणं आलं तेव्हा दोघेही आपापला मुद्दा सिद्ध करायला निघालो. लता माझी कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधली शेजारीण. एक पेरू स्टीलच्या पट्टीने कापून अर्धा अर्धा खायचो आम्ही.

पुण्याहून लवकर निघालात तर बारामतीत मिसळ खाऊन, इंदापूरवरून अकलूज रस्त्याने जेवणाआधी बावड्यात पोहोचता. वाटेत पेरूवाली बसली होती, साठ रुपये किलो. पेरूच्याच बागेत निघालो असताना यांनी थांबून दोन किलो घेतले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

बांधाच्या अलीकडे लताची बाग, पलीकडे तिच्या सासऱ्यांची, आबांची. आबांचे पेरू फोमच्या जाळीत, वर प्लॅस्टिकची पिशवी, फवारलेले, सगळे एका मापाचे. लताचे लहानमोठे, डागाळलेले, काही पोपटांनी टोचलेले. फवारणी सोडून तिला दोन वर्षं झाली होती. सेंद्रियचं लेबल तीन वर्षं भरल्यावर मिळणार. तोवर माल कमी आणि भाव साधाच. आबांचा धीर सुटला होता.

"तुजी मैत्रीण डोळं झाकून सांगंल, कुठली फोड ग्वाड ते," आबा लताला म्हणाले. "तुजी निघाली तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर उद्यापासनं फवारा."

लताने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. पहिली फोड करकरीत, रसाळ. दुसरी तोंडात घातली आणि लता खोकली. थोड्या वेळाने आणखी जोरात खोकली. मला कळलं, ही तिची. पण प्रार्थनेत डोळे मिटून खोटं बोलायचं नाही, हे सिस्टरनी इतकं घोटून घेतलंय की जीभ वळेना.

"पहिली," मी म्हणाले.

"सिस्टरची लाडकी ती लाडकीच," लता म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली. जेवताना तिने मला सगळं वाढलं, आग्रह मात्र केला नाही.

हात धुवायला मागे गेले तर आबा बांध ओलांडून लताच्या झाडाखाली उभे. टोचलेला पेरू तोडला, धोतराला पुसला, खाऊ लागले.

"आबा, तुमची बाग पलीकडे ना?"

"ती इकायला. खायला हितलाच बरा, धुवायची कटकट न्हाय."

"आणि मला दिलेली फोड?"

"धुतली व्हती की. दोनदा."

माझ्यामागे लता उष्टी ताटं घेऊन उभी होती. आबांचं चावणं थांबलं.

"कवापासनं खाताय हितला?" तिने विचारलं.

"पयल्या वर्सापासनं."

"मग तिसरं वरीस बी खावा की."

आबांनी उरलेल्या पेरूकडे पाहिलं. "खातो," म्हणाले.

घरी येईपर्यंत लताने दिलेले आणि रस्त्यावरचे पेरू एकाच पिशवीत मिसळले होते, आणि स्टिकर कशालाच नव्हतं. मी सगळेच धुतले. हे मात्र रोज टोचलेला शोधून शर्टाला पुसून खातात. पक्ष बदलल्याचं कबूल करत नाहीत.

काल लताला फोन केला. म्हटलं, "खोकला कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली. "लेबल लागलं की ये. उघड्या डोळ्यांनी खा."