शनिवारचं बिऱ्हाड

समोरच्या फ्लॅटमधली आयरिश नर्स आता मायदेशी परतली आहे. कुवेतमध्ये सबाह अल-सालेममधल्या आमच्या इमारतीत मी फारशी कुणाशी बोलत नसे. तिच्याशी जमलं, कारण बहुतेक वेळ तीच बोले.

एका बुधवारी ती हिरमुसून आली. नवं घर ठरलं होतं. पण तिथला आधीचा भाडेकरू शुक्रवारी रात्री निघणार होता आणि सामान न्यायला हाफ-लॉरी शनिवारीच मिळत होती. तिच्या गावी शनिवारी बिऱ्हाड हलवत नाहीत. हलवलं तर नव्या घरातला मुक्काम टिकत नाही, असं मानतात. तिची याआधीची दोन घरं शनिवारीच लागली आणि वर्षाच्या आत सुटली होती.

"आता वय झालं. हे तरी टिकायला हवं," ती म्हणाली.

मी भीतभीत तिला प्रस्थानाविषयी सांगितलं. माझं कुवेतचं विमान अमावास्येचं होतं. म्हणून आईनं आधीच चांगला दिवस पाहून माझी एक साडी, तांदूळ आणि सुपारी शेजारी नेऊन ठेवली होती. म्हणजे मी त्याच दिवशी निघाले, असं धरायचं.

"देवाला हे चालतं?"

"आईला चालायचं."

गुरुवारी संध्याकाळी ती स्वेटर आणि मिठाचा डबा घेऊन आली. आमचे हे शुऐबाच्या प्लांटवरून नुकतेच परतले होते. "प्लांटचं शटडाउनही आता तुम्हा दोघींना विचारूनच घ्यायला सांगतो," ते म्हणाले.

सामान ठेवून ती वळली आणि दारातच थबकली. "मी निघाले ना? मग तिकडे झोपायला कशी जाऊ?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. प्रस्थान ठेवून मी खुशाल घरीच झोपले होते. पण ते न सांगता मी म्हणाले, "इथंच राहा ना."

दोन रात्री ती आमच्या सोफ्यावर झोपली. उरलेलं सामान बांधायला गेली तीसुद्धा स्वतःच्याच दाराची बेल वाजवून. पोहे खाताना तिनं माझ्या मुलीला सांगितलं, की सोमवारी कबर खणायला घेऊ नये आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव कुणाला देऊ नये.

"मम्मीकडेही सेम आहे, फक्त डेज वेगळे," मुलगी म्हणाली.

पुढे मी तिच्या नव्या घरी गेले, तेव्हा तिच्या हातात हातोडी होती. आधीच्या घरात तिनं एक खिळाही ठोकला नव्हता. आईवडिलांचा फोटो भिंतीवर टांगून ती मागे सरकली.

"सरळ आहे का बघ. आता हा काढायचा नाही."

तिची नोकरी संपेपर्यंत तो तिथंच होता.