दिवाबत्तीनंतरचा केर

रंजनाला दरदरून घाम फुटला होता, आणि तोही एसीच्या खोलीत! उधन्याच्या त्या साडी प्रिंटिंग मिलमध्ये एसी फक्त कॉम्प्युटरला. गुजराती शेठ स्वतः बाहेर उकाड्यात बसत.

दिवसभर खपून तिनं पदराचं डिझाइन काढलं होतं. सेव्ह करायला गेली तर पडद्यावर पाटी: डिस्क भरली. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. फ्लॉपीत ते मावत नव्हतं. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि संध्याकाळी वीज हमखास दगा द्यायची. वीज गेली की डिझाइन गेलं, डिझाइन गेलं की नोकरी! गोडादऱ्याच्या घरी तिच्या आईनं, कलाबाईनं, आधीच बजावलं होतं, "नोकरी गई, ते तुनं लगीन लाई देसूत."

जुन्या फाइली तर ती रोज काढून टाकायची. मग जागा गेली कुठं? कॉम्प्युटर क्लासमधून आणलेली फ्लॉपी आठवली. व्हायरस! मेले मी! तिनं क्लासच्या भूपेंद्र सरांना फोन लावला.

"काढलेल्या फाइली रिसायकल बिनच्या टोपलीत पडून राहतात गं. घरी जाताना टोपली रिकामी कर, असं सांगितलं होतं ना?"

घरी जाताना कशी करणार? तोवर शेठचा दिवा लागलेला असायचा. दिवाबत्तीनंतर केर बाहेर टाकला की लक्ष्मी जाते. शेठ तर त्यावरून झाडूवाल्यावर खेकसायचे. आणि सकाळी कामाच्या झुंबडीत टोपली राहूनच जायची.

ट्यूबलाइट लुकलुकली. बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला. शेठ लक्ष्मीच्या तसबिरीपुढे उभे होते.

"शेठ, थांबा! दिवा लावू नका!" रंजना किंचाळलीच.

ते वळले. तिनं रडत रडत, एका दमात सगळं सांगून टाकलं. काडी शेठच्या बोटापर्यंत जळत आली.

"आटला दिवस कचरो भेगो कर्यो? गांडी!" कचरा साठवला म्हणून तिला वेड्यात काढत त्यांनी काडी फुंकली. "पहेलां ए काढ. लक्ष्मीजी राह जोशे." लक्ष्मी वाट बघेल म्हणे!

टोपली रिकामी झाली. डिझाइन सेव्ह झालं. शेठनी दिवा लावला, आणि वीज गेली.

दुसऱ्या दिवसापासून काडी ओढण्याआधी शेठ दारातून विचारायला लागले, "रंजनाबेन, कचरो काढ्यो?"